गाइनचा 'हव्वा' : नुसतं अंगप्रदर्शन की त्यात अजून काही आहे?

पारिजात_नाशिक

नमस्कार मंडळी. के-पॉपमध्ये, म्हणजे कोरियन पॉप संगीतात, मी तशी नवीनच. लॉकडाऊनमध्ये बीटीएस, मग गायिका आययू, आणि आता जुनं जुनं शोधून ऐकायचा नाद लागलाय. आययूच्या 'गुड डे'चे शब्द किम इ-ना या बाईंचे आहेत हे कळल्यावर त्यांनी अजून कुणाकुणासाठी लिहिलंय ते बघत बसले आणि गाइनपाशी येऊन थांबले.

गाइन म्हणजे ब्राउन आइड गर्ल्स या मुलींच्या गटातली सगळ्यात धाकटी. तिचा २०१५ चा 'हव्वा' (आदाम-हव्वेतली हव्वा) हा सहा गाण्यांचा मिनी-अल्बम सध्या रोज ऐकतेय. त्यातल्या 'पॅराडाइज लॉस्ट'मध्ये ती जमिनीवर पालथी पडून सापासारखी अंग हलवते, तो नाच बऱ्याच जणांनी पाहिला असेल. माझ्या मैत्रिणीचं म्हणणं, "आवाज बरा आहे, पण बाकी सगळं दाखवायचंच काम." मला तसं अजिबात वाटत नाही. ते गाणं बघताना मला अवघडल्यासारखं होत नाही, उलट ताठ बसून बघावंसं वाटतं. पण असं का, ते तिला नीट सांगता येत नाहीये. तुम्हाला हा अल्बम कसा वाटतो? आणि गाइनचं बाकीचं काम ऐकायचं तर सुरुवात कुठून करू?

रोखठोक

मैत्रीण बरोबर बोलतेय. तो काळ आठवा. २०१४ च्या सुरुवातीला गर्ल्स डेचं 'समथिंग', एओएचं 'मिनीस्कर्ट', स्टेलरचं 'मॅरिओनेट', मुलींच्या गटांची ही गाणी एका पाठोपाठ एक आली. प्रत्येक कंपनीला कळलं होतं की स्कर्ट आखूड केला की बातमी होते. लहान कंपन्यांकडे जाहिरातीला पैसा नाही, मग मुलींचं अंग हीच जाहिरात. वर्षभराने कुणीतरी त्यालाच बायबलचं वेष्टन लावलं, एवढाच फरक. गाणी चांगली आहेत हे मान्य. पण मागे बसून ठरवणारे निर्माते पुरुषच, हे विसरू नका.

वसईवाली

पारिजात, तुला जे सांगता येत नाहीये ते मी सांगून बघते, कारण या अल्बमवर माझा फार जीव आहे.

मी वसईची, कॅथलिक घरातली. आदाम-हव्वेची गोष्ट आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकत मोठे झालो. त्यामुळे 'पॅराडाइज लॉस्ट'चा नाच पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं लक्ष कपड्यांकडे गेलंच नाही, गेलं ते पोटाकडे. उत्पत्तीच्या पुस्तकात साप आधीपासून सरपटणारा आहे असं कुठे म्हटलेलं नाही. देवाने मना केलेलं फळ खाऊन झाल्यावर देव त्याला शाप देतो, की आता तू पोटावर चालशील आणि आयुष्यभर माती खाशील. म्हणजे सरपटणं ही सापाला झालेली शिक्षा आहे. आणि इथे ती शिक्षा कोण स्वतःच्या अंगावर घेतंय? हव्वा. जमिनीला पोट लावून, खांद्यापासून कमरेपर्यंत लाट नेत. ज्याने तिला भुलवलं असं आपण शिकलो, त्याची चाल तिच्यातच आहे. एकदा हे दिसलं की "बाहेरून कुणीतरी आलं आणि बिचारी फसली" या म्हणण्याला जागाच राहत नाही. मोह तिचा आहे, इच्छा तिची आहे, आणि पुढे जे होईल तेही तिचंच आहे.

मूळ गोष्टही नीट वाचली तर याच्या फार लांब नाही. साप फक्त बोलतो. फळ तो तोडत नाही, हातात देत नाही. झाड खायला चांगलं आहे, डोळ्यांना सुंदर आहे आणि शहाणपण देणारं आहे, हे ती स्वतः बघते आणि मग घेते. आदाम तिथेच असतो. नंतर देव विचारायला येतो तेव्हा आदाम बाईकडे बोट दाखवतो आणि बाई सापाकडे. या दोषाच्या ढकलाढकलीत माझ्या मते गाइन हव्वेचं बोट खाली घ्यायला लावते. सापाकडे बोट दाखवायचंच नाही, कारण साप मीच.

अजून एक गोष्ट, जी मला फार आवडते. गोष्टीत हव्वा हे नाव तिला सुरुवातीला नाहीच. तोवर ती नुसती 'स्त्री' आहे. फळ खाऊन झालं, शाप देऊन झाले, मग आदाम तिचं नाव ठेवतो. अल्बमला तेच नाव दिलंय, शाप मिळाल्यानंतरचं.

आता संगीताकडे ये. 'पॅराडाइज लॉस्ट' सुरू होतं ते पाइप ऑर्गनने. ज्याचं लहानपण रविवारच्या मिस्सेत गेलंय त्याला हा सूर कुठल्या जागेचा, हे सांगावं लागत नाही. आणि त्या एवढ्या मोठ्या, छतापर्यंत जाणाऱ्या आवाजाखाली गाइनचा तो बारीक, श्वास मिसळलेला गळा. ती ओरडत नाही, ऑर्गनशी टक्कर घेत नाही. वाद्यं चढत जातात आणि तिचा आवाज मात्र कानाशी बोलल्यासारखा राहतो. मादकपणा म्हणशील तर मला तो इथे ऐकू येतो, नाचाच्या कितीतरी आधी. डोळे मिटून, हेडफोन लावून एकदा ऐक. मैत्रिणीलाही आधी असंच ऐकव, व्हिडिओ नंतर दाखव.

'अ‍ॅपल' अगदी उलट स्वभावाचं. सोबत गायक जे पार्क, चाल हलकी, सगळा मामला लाडिक. (बायबलात सफरचंद नाहीच, नुसतं फळ आहे. सफरचंद रूढ झालं ते पुढे युरोपात.) एकाच अल्बमची ही दोन मुख्य गाणी: एकात निषिद्ध गोष्टीची मजा, दुसऱ्यात त्या मजेची किंमत मोजायची तयारी. नुसतं 'अ‍ॅपल' असतं तर मी रोखठोक यांच्याशी वाद घातला नसता.

रोखठोक, निर्माते पुरुष आहेत हे खरंच. चो यंग-चल निर्माते, संगीतकार ली मिन-सू. पण 'पॅराडाइज लॉस्ट'चे शब्द किम इ-नाचे, आणि ही बाई निदान ब्राउन आइड गर्ल्सच्या 'आब्राकाडाब्रा'पासून, म्हणजे २००९ पासून, गाइनच्या तोंडी शब्द देतेय. तुम्ही सांगता ती २०१४ ची लाट यायच्या आधीच गाइनचा रस्ता ठरला होता. २०१० मध्ये 'स्टेप २/४', टँगोवरचा पहिला मिनी-अल्बम. २०१२ मध्ये 'टॉक अबाउट एस', आणि त्यातलं 'ब्लूम', जिथे एक बाई शरीरसुखाबद्दल बोलते आणि चाल एवढी उजळ, की लाज नावाची गोष्ट त्यात शिरूच शकत नाही. २०१४ च्या 'ट्रुथ ऑर डेअर'च्या वेळचं एक गाणं तर सरळ मारकुट्या प्रियकरावर आहे. बघणाऱ्याला त्यात सुख मिळू नये अशाच बेताने केलेलं. आणि मग 'हव्वा'. एका माणसाने पाच वर्षं एकच विषय धरून ठेवला, दर वेळी दुसऱ्या अंगाने. लाटेवर स्वार होणारे असं करत नाहीत, लाट ओसरली की ते कपडे बदलतात. 'हव्वा' आला तेव्हा गाइन सत्तावीस वर्षांची होती, गाण्याच्या धंद्यात नऊ वर्षं काढलेली. तिला यातलं काही कळत नव्हतं असं म्हणणं मला तिचा अपमान वाटतो.

ताल_आणि_तोल

वसईवाली, पोटावर चालण्याचं हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आता नाच नव्याने बघावा लागणार.

मी पुण्यात नाच शिकवते, त्यामुळे तांत्रिक बाजू सांगते. जमिनीवर पालथं पडून लाट नेणं बघायला सोपं वाटतं, पण करायला महाकठीण. उभं असताना पाय मदत करतात, गुडघा वाकवून चूक झाकता येते. पालथं पडल्यावर ती सोय जाते. छाती उचलायची, मग फासळ्या, मग पोट, मग कंबर, आणि प्रत्येक भाग खाली टेकेपर्यंत पुढचा सुटता कामा नये. मान आखडली तर लगेच दिसतं. माझ्या वर्गातल्या मुली हे करायला गेल्या की पहिल्यांदा हातांवर जोर देतात, आणि मग तो साप न दिसता दंड काढणारा पहिलवान दिसतो. गाइनच्या हातांकडे बघा. ते वजन घेतायत असं कळतच नाही.

दुसरं म्हणजे चेहरा. बैठकीच्या लावणीत बाई बसल्या जागेवरून सगळं सांगते, ते डोळ्यांनी, भुवईने, बोटांनी. अंग जागेवर, चेहरा बोलका. गाइनचं बरोबर उलटं आहे. अंग सगळं बोलतंय आणि चेहरा आवरून धरलेला. ती बघणाऱ्याला "ये" असं म्हणत नाही. पारिजातला अवघडल्यासारखं होत नाही याचं एक कारण हे असावं. ज्या नाचात डोळे सतत कॅमेऱ्याला बोलावत असतात, तिथे आपल्याला आपण चोरून बघतोय असं वाटायला लागतं.

'आब्राकाडाब्रा'मधली ती हात बांधून कंबर डोलावण्याची चाल आठवते ना? तीच पुढे 'गंगनम स्टाइल'वाल्या सायने २०१३ च्या 'जंटलमन'मध्ये हक्क विकत घेऊन वापरली, आणि व्हिडिओत गाइनलाच सोबत घेतलं. तिथे ती चाल विनोदासाठी आहे. तीच कंबर, तीच बाई, पण आधीचं आणि हे शेजारी शेजारी लावून बघा. एखादी हालचाल मुळात मादक नसते, ती कोण कशासाठी करतंय त्यावर ठरतं. वर्गात मी नेहमी हीच दोन उदाहरणं दाखवते.

रोखठोक

पाच वर्षांचा मुद्दा पटला, 'स्टेप २/४' माझ्या डोक्यात नव्हता. तरी एक म्हणतो. गाइनकडे किम इ-ना होती, ब्राउन आइड गर्ल्सचं नाव होतं, पडायचं झालं तरी खाली गादी होती. 'मॅरिओनेट'च्या मुलींकडे यातलं काय होतं? गाइनला "तिने निवडलं" म्हणताना बाकीच्या मुलींना निवडच नव्हती हेही त्याच दमात बोलायला हवं.

वसईवाली

हो, हे तुम्ही बोललात ते बरं झालं. मला ते पूर्ण मान्य आहे. म्हणूनच मी सगळ्या 'सेक्सी कन्सेप्ट'ची वकिली करत नाहीये, फक्त या एका अल्बमची करतेय. ज्या मुलीला दोन दिवस आधी कपडे हातात मिळतात आणि जिला गाण्याचा विषयही कुणी विचारत नाही, तिच्या नाचाला "स्वातंत्र्य" म्हणणं म्हणजे क्रूरपणा आहे.

पारिजात_नाशिक

किती सुंदर लिहिलंय सगळ्यांनी! वसईवाली ताई, तुमचं उत्तर मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती पोटावर चालण्याच्या मुद्द्यावर गप्प झाली आणि मग म्हणाली, "ऑर्गनवालं पुन्हा लाव." दोन शंका राहिल्यात. एक, 'ब्लूम' बघायला गेले तर आधी वयाची विचारणा झाली, 'पॅराडाइज लॉस्ट'पेक्षा त्यात जास्त काय आहे? दुसरी, मी ऐकू कुठल्या क्रमाने?

वसईवाली

पारिजात, वयाचं असं आहे. कोरियात ऑगस्ट २०१२ पासून नियम आला की म्युझिक व्हिडिओ इंटरनेटवर टाकण्याआधी त्याचं वयानुसार वर्गीकरण करून घ्यायचं. 'ब्लूम' आला ऑक्टोबरमध्ये, म्हणजे नियम अगदी ताजा असताना, आणि त्याला १९ चा, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचा, शिक्का बसला. टीव्हीचं वेगळंच. केबीएस, एमबीसी, एसबीएस यांची प्रत्येकाची आपापली तपासणी, त्यामुळे एका वाहिनीवर चाललेलं दुसरीवर चालेलच असं नाही. माझ्या मते 'ब्लूम'मध्ये टोचतं ते काय दिसतं यापेक्षा ती हसते ते. दुःखी, पश्चात्तापाने पोळलेली बाई पडद्यावर सगळ्यांना चालते. सुखात असलेली आणि त्याबद्दल कुणाची माफी न मागणारी बाई बघायला लोकांना जास्त जड जातं.

क्रमाचं म्हणशील तर 'ब्लूम'पासून सुरू कर. मग 'स्टेप २/४'मधलं 'इरिव्हर्सिबल', त्यातला टँगो मन लावून ऐक, तिच्या आवाजातला कोरडेपणा तिथे पहिल्यांदा नीट कळतो. मग 'ट्रुथ ऑर डेअर'. ते मारकुट्या प्रियकराचं गाणं मात्र मन स्वस्थ असेल तेव्हाच बघ, व्हिडिओ त्रास देणारा आहे. या सगळ्यानंतर 'हव्वा' सलग, सहाच्या सहा गाणी, मध्ये काही न लावता. 'फ्री विल', 'द फर्स्ट टेम्प्टेशन', 'गिल्टी' ही नावं बघितलीस तरी गोष्ट कुठून कुठे चाललीय ते कळेल. आणि 'टू विमेन' गाळू नकोस. दोन मुख्य गाण्यांच्या गर्दीत लोक ते ऐकायचंच विसरतात.

ताल_आणि_तोल

यादीत २०१६ चं 'कार्निव्हल'ही घाला. 'हव्वा'नंतरच्या 'एंड अगेन'मधलं आहे. आणि पारिजात, मैत्रिणीला नाच शिकायचा असेल तर आधी महिनाभर पोटाचे व्यायाम कर म्हणावं, एकदम जमिनीवर झोपून लाट काढायला जाऊ नका. कंबर धरते.