मदत हवी आहे: बारा दिवसांत जबडा पक्का करायचाय

डावखुरा५७
बॉक्सिंगच्या निवड चाचणीला १२ दिवस उरलेत. समोरच्याचा उजवा जबड्यावर बसला की माझे पाय जातात. बाकी दम आहे, हात चालतात. जबडा तेवढा कच्चा आहे.

कॅनडाचा जुना हेवीवेट बॉक्सर जॉर्ज चुवालो, त्याच्या लढती रोज रात्री बघतोय. ९३ व्यावसायिक लढती आणि एकदाही खाली पडला नाही. अलीनं मारलं, फ्रेझियरनं मारलं, फोरमननं मारलं, हा उभाच. असं काय करायची ही माणसं? मी कडक च्युइंगम चावतोय आणि दातात टॉवेल धरून वजन उचलतोय. क्लबमधला एक मुलगा म्हणतो, रोज थोडे थोडे ठोसे हनुवटीवर घेतले की हाड निबर होतं. खरं आहे का? किती घ्यायचे?

गार्ड वर ठेव, डोकं हलव हे कृपया सांगू नका, ते रोज ऐकतो. लवकर सांगा.

बापू तालीमवाले
मान! बाकी सगळं सोड. आमच्या तालमीत थोरले पैलवान गळ्यात दगडी कडं घालून बैठका मारायचे. मान आणि खांदे एकच दिसायचे. अशा माणसाच्या कानशिलात मारलीस तर तुझाच हात दुखेल. रोज सकाळी मानेची मेहनत, चारी बाजूंनी, जोडीदाराच्या हाताचा दाब घेऊन. पण १२ दिवसांत मान होत नाही पोरा, वर्ष लागतं.

निळी शाई
काही गोष्टी कळल्याशिवाय काय सांगणार? वय किती? किती दिवसांपासून खेळतोस? पाय जातात म्हणजे नक्की काय होतं, आणि शेवटचं कधी झालं? स्पॅरिंगला, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीत, हेडगार्ड घालतोस का?

डावखुरा५७
५७ किलोत खेळतो. पाय जातात म्हणजे पाय जातात, जेलीसारखे होतात. हेडगार्ड आहे. माझा प्रश्न जबड्याचा आहे.

कोपऱ्यातला स्टूल
चुवालो मोठा खराच, पण जबड्याचा राजा म्हणजे अमेरिकेचा मिडलवेट चॅम्पियन जेक लामोटा. शुगर रे रॉबिन्सनशी सहा वेळा लढला. १९४३ मध्ये डेट्रॉइटला त्यानं रॉबिन्सनला हरवलं, रॉबिन्सनचा तो व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला पराभव. मग १४ फेब्रुवारी १९५१ ला शिकागोत रॉबिन्सननं त्याला १३ व्या राउंडपर्यंत असा झोडला की पंचांना लढत थांबवावी लागली. पण लामोटा उभा होता. आयुष्यात कधी पडला नाही. आणि ९५ वर्षं जगला! ठोसे खाऊन माणूस संपतो म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

टोरंटोकर
स्टूलभाऊ, "कधी पडला नाही" हे चूक. १९५२ च्या शेवटच्या दिवशी फ्लोरिडात डॅनी नार्डिकोनं लामोटाला पाडलं होतं. एकदाच, पण पाडलं. आठव्या राउंडला लामोटा बाहेरच आला नाही.

चुवालो आमच्या गावचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो. २९ मार्च १९६६, टोरंटोचं मेपल लीफ गार्डन्स. अलीची लढत खरं तर एर्नी टेरेलशी ठरली होती. व्हिएतनाम युद्धाबद्दल अली जे बोलला त्यावरून अमेरिकेत गदारोळ झाला, एकेक शहर नाही म्हणत गेलं आणि शेवटी लढत इथं आली. टेरेल बाजूला झाल्यावर चुवालोला तयारीला जेमतेम अडीच आठवडे मिळाले. तरी पूर्ण १५ राउंड उभा राहिला. नुसता उभा राहिला नाही, सारखा पुढे येत राहिला आणि अलीच्या बरगड्यांवर मारत राहिला. त्याच्याइतका चिवट माणूस भेटला नाही, असं अलीच पुढे म्हणाला. १९७२ मध्ये व्हँकुव्हरला पुन्हा १२ राउंड.

आता दुसरी बाजू. १९६७ मध्ये फ्रेझियरनं चौथ्या राउंडमध्ये त्याचा चेहरा असा फोडला की लढत थांबली. १९७० मध्ये फोरमननं तिसऱ्यातच थांबवला. दोन्ही वेळा पायावर उभा. "पडला नाही" म्हणजे "लागलं नाही" असं नव्हे, एवढंच मला म्हणायचंय. पुढे म्हातारपणी त्याला स्मृतिभ्रंश झाला.

कोपऱ्यातला स्टूल
नार्डिकोचं मान्य. तेव्हा लामोटा वरच्या वजनात गेला होता आणि उतरणीला लागला होता, तो धरायचा नाही. मग मार्विन हॅगलर घ्या. ६७ लढती, तोही पडला नाही. १९८५ ला टॉमी हर्न्सचा पहिल्या राउंडमधला उजवा त्यानं सरळ डोक्यावर घेतला. हात हर्न्सचा मोडला.

टोरंटोकर
१९८४ ला रोल्डाननं पहिल्याच राउंडमध्ये हॅगलरला खाली बसवलं आणि पंचांनी काउंट केला, म्हणजे पडला असं धरून आकडे मोजले.

कोपऱ्यातला स्टूल
तो पाय घसरून पडला! ती लढत मी शंभरदा पाहिलीय. हॅगलरही शेवटपर्यंत तेच सांगत होता.

टोरंटोकर
कागदावर नॉकडाउन आहे. एकही डाग नसलेला हवा असेल तर कझाकस्तानचा गोलोव्किन. हौशी आणि व्यावसायिक, दोन्हीत कधी पडला नाही.

सदाफुली
माझ्या भाच्यासाठी ग्लोव्ह्ज घ्यायचे आहेत. वय १२. किती औंसाचे घ्यावेत? नाशिकमध्ये कुठे मिळतील?

आजीचा बटवा
हाडं मजबूत व्हायला नाचणीचं सत्त्व आणि भिजवलेले बदाम रोज सकाळी. डिंकाचे लाडूही चालतील. माझा मुलगा शाळेत असताना हात मोडून घरी आला होता, महिन्यात भरून आला.

मुक्ता फिजिओ
मी खेळाडूंबरोबर काम करते. मूळ प्रश्नाचं उत्तर देते, कारण "हनुवटीवर रोज ठोसे" हे वाचून राहवेना.

शुद्ध जाते ती हाड कच्चं असतं म्हणून नाही. घरचं जातं आठवा. खुंटा काठाला असतो म्हणून जड पाळू सहज फिरते. हनुवटी म्हणजे डोक्याचा खुंटा. तिथं बाजूनं हुक, म्हणजे वळसा घेऊन येणारा ठोसा, बसला की डोकं गर्रकन फिरतं आणि आतला मेंदू मागे राहून ताणला जातो. पाय जातात ते म्हणून. च्युइंगमनं किंवा टॉवेलनं मेंदूला काहीही संरक्षण मिळत नाही. सरावाचे ठोसे खाऊन तो निबर होत नाही, प्रत्येक ठोसा जमा होत जातो.

मग काही जण टिकतात कसे? थोडी जन्मजात देणगी. मानेची ताकद, म्हणजे बापूंचं बरंचसं बरोबर आहे, डोकं फिरण्याचा वेग त्यानं कमी होतो. आणि ठोसा दिसणं. येताना दिसला तर मान आपोआप आवळली जाते, न दिसलेलाच पाडतो. चुवालो हनुवटी छातीशी ठेवून अंगाला भिडायचा, मोठा हुक फिरवायला समोरच्याला जागाच उरायची नाही. घाईघाईत वजन उतरवून शरीर कोरडं केलं असेल तर मात्र यातलं काही कामाला येत नाही.

पण निळी शाई यांनी विचारलेलं अजून अनुत्तरित आहे. वय किती? शेवटचं कधी झालं? त्यानंतर डोकं दुखतंय का?

पंचनामा
ताई, हेडगार्ड आहे म्हणतोय ना तो. मग कसला मेंदू?

मुक्ता फिजिओ
हेडगार्डनं भुवई फुटत नाही, खोक पडत नाही, रिंगच्या फळीवर डोकं आपटलं तर मदत होते. डोकं फिरणं तो थांबवत नाही.

पंचनामा
मग ऑलिंपिकमध्ये १९८४ पासून कशाला घालायचे?

निळी शाई
आणि २०१३ पासून वरिष्ठ पुरुषांचे काढले, हेही सांगा. २०१६ ला रिओमध्ये पुरुष हेडगार्डशिवायच खेळले. बायकांचे आणि लहान मुलांचे ठेवले. त्यावर अजून भांडणं चालू आहेत, इथं नको. धागाकर्ता कुठे आहे?

फौजी काका
अली भारतात आला होता, कोणाला आठवतंय? जानेवारी १९८०, दिल्ली. आपल्या कौरसिंगबरोबर चार राउंडांची प्रदर्शनी लढत झाली. कौरसिंग संगरूर जिल्ह्यातला, फौजेतला. १९८२ च्या एशियाडला त्यानं हेवीवेटचं सुवर्ण घेतलं. अलीच्या जॅबबद्दल, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाबद्दल, तो पुढे किती वर्षं बोलत असे! हात दिसायचाच नाही म्हणायचा.

डावखुरा५७
इतकं लिहिताय पण १२ दिवसांत काय करू ते कोणीच सांगत नाही.

बरं, सांगतो. वय १७. तीन वर्षं खेळतोय. मोठं सहा दिवसांपूर्वी झालं, स्पॅरिंगमध्ये. पडलो पण लगेच उठलो. सर तेव्हा पॅड आणायला आत गेले होते, त्यांनी पाहिलं नाही. पुढची राउंड मी पूर्ण केली असं पार्टनर म्हणतो. मला ती आठवत नाही. तेव्हापासून डोकं दुखतंय, एसटीत बसलं की मळमळतं, वर्गातली ट्यूबलाइट डोळ्यांत घुसते. झोप कमी झाली म्हणून असेल. परवा पुन्हा स्पॅरिंग केलं, तेव्हा साध्या जॅबनंही पाय गेले. म्हणून तर विचारतोय.

मुक्ता फिजिओ
आज स्पॅरिंग नाही. उद्याही नाही. पॅडसुद्धा मारू नकोस.

राउंड आठवत नाही, उजेड सहन होत नाही, मळमळतं, हलक्या ठोशानं पाय जातात. तुझा जबडा कच्चा नाही. मेंदूला मार लागलाय आणि तो भरून यायच्या आत तू पुन्हा ठोसे खाल्लेस. या काळात दुसरा मार बसला, अगदी हलका जरी, तर मेंदू सुजून जीव जाऊ शकतो, आणि तुझ्या वयाच्या मुलांना हा धोका जास्त असतो.

आज घरी सांग आणि डॉक्टरांना दाखव. उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, बोलताना अडखळायला लागलास, झोपेतून उठवणं कठीण झालं, हातापायात जोर वाटेना, एक बाहुली मोठी दिसली किंवा झटका आला, तर वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटलच्या अपघात विभागात. आणि स्कॅन चांगला आला म्हणजे खेळायला मोकळा असं समजू नकोस. अशा वेळी स्कॅन बहुतेकदा साफच येतो.

पंचनामा
एवढं घाबरवू नका पोराला. आम्ही शाळेत कबड्डी खेळताना किती वेळा डोक्यावर पडलो. एक गोळी घे, दोन दिवस झोप काढ, चाचणी दे. संधी परत येत नाही.

फौजी काका
पंचनामा, हे तुम्ही मागे घ्यावं अशी विनंती आहे.

बाळा, मी फौजेत ६३ किलोत खेळायचो. इंटर युनिट स्पर्धेच्या आधी सरावात असाच पडलो. उस्तादांना सांगितलं नाही, नाव कापतील म्हणून. दहा दिवसांनी लढलो, जिंकलो सुद्धा. फायनलला पहिल्या मिनिटात पडलो तो संध्याकाळी एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, जागा झालो. पुढे चार महिने मला पेपरातली एक बातमी सलग वाचता येत नव्हती, ओळ हरवायची. आवाजानं संताप यायचा. लग्न नवीन होतं, बायकोनं काय काढलं असेल ते तिलाच माहीत. आज ३० वर्षं झाली तरी नावं विसरलो की पहिली भीती त्याचीच वाटते. ते पदक कपाटात आहे. मी बघत नाही.

आपल्या खेळाचा नियम साधा आहे, नॉकआउट झाला की कमीत कमी ३० दिवस लढत नाही आणि स्पॅरिंगही नाही. सरांनी पाहिलं नाही म्हणून तुझ्या डोक्याला तो नियम लागू होत नाही असं नाही.

डावखुरा५७
चाचणी गेली तर पूर्ण वर्ष जाईल. पुढच्या वर्षी मी वयोगटाबाहेर. घरून आधीच विरोध आहे. आईला कळलं तर कायमचं बंद.

टोरंटोकर
तू चुवालो बघतोस म्हणून त्याच काळातला आणखी एक सांगतो. जेरी क्वारी. डिसेंबर १९६९ मध्ये चुवालोनंच त्याला हरवलं होतं. देखणा, शूर, मार खायला कधी न घाबरणारा. अलीशी दोनदा लढला, फ्रेझियरशी दोनदा. पन्नाशीला पोचायच्या आधीच त्याला सगळं दुसऱ्यानं करून द्यावं लागत होतं. १९९९ मध्ये ५३ व्या वर्षी गेला. ठोसे खाऊन मेंदू झिजतो, हे १९२८ पासून वैद्यकात लिहिलेलं आहे, नवीन काही नाही. ज्यांचा जबडा पक्का असतो त्यांना पंच थांबवत नाहीत, म्हणून तेच जास्त खातात.

कोपऱ्यातला स्टूल
मी लामोटाच्या ९५ वर्षांचं जे लिहिलं ते या मुलानं मनावर घेऊ नये. हा सगळा प्रकार तेव्हा माहीत नव्हता. टोरंटोकरांचं बरोबर आहे. (हॅगलरचं सोडून.)

बापू तालीमवाले
पोरा, मानेची मेहनतही आत्ता करू नकोस. मी आधी सांगितलं ते थांबव. आमच्याकडे जत्रेच्या मैदानाआधी वस्ताद प्रत्येकाच्या डोळ्यांत बघायचे आणि एखाद्याला गुपचूप म्हणायचे, तू आज लंगोट घालू नकोस. तो रडायचा. वस्ताद ऐकत नसत.

निळी शाई
आईला सांगायचं अवघड वाटत असेल तर आधी सरांना सांग, आणि सरांना बरोबर घेऊन घरी जा. सरांनाही कळायला हवंय. तुझा पार्टनर उद्या दुसऱ्या कोणाला असाच मारेल. आज रात्री इथं एक ओळ टाक, नुसतं "सांगितलं" एवढंच.

डावखुरा५७
सांगितलं.

डावखुरा५७
उशिरा लिहितोय, डॉक्टरांनी मोबाइल कमी केलाय. सर घरी आले होते. आधी माझ्यावर ओरडले, मग आईसमोर गप्प बसून राहिले. आई रडली पण कायमचं बंद असं म्हणाली नाही, डॉक्टर काय म्हणतात ते बघू म्हणाली. स्कॅन साफ आहे. तरी मेंदूला मार आहे असंच डॉक्टर म्हणाले, मुक्ताताईंनी लिहिलं होतं तसं. चाचणीतून नाव काढलं. ठणका बंद झाल्यावर आधी चालणं, मग हळूहळू पळणं, आणि ठोसे अगदी शेवटी, तेही त्यांनी लिहून दिल्यावर. मार लागल्यावर जे पुन्हा स्पॅरिंग केलं त्याबद्दल ते खूप बोलले.

टॉवेल आणि च्युइंगम बंद. पार्टनरला सगळं सांगितलं, तो रोज येऊन बसतो.

बापूकाका, डॉक्टरांनी हो म्हटलं की मानेची मेहनत तुमच्याकडून लिहून घेईन. फौजी काका, तुम्हाला अजून नावं आठवत नाहीत का?

फौजी काका
येतात रे, उशिरा येतात. तू आराम कर आणि उत्तर द्यायची घाई करू नकोस.

सदाफुली
माझ्या भाच्याचं कोणी सांगितलं नाही अजून. आता हे सगळं वाचल्यावर घ्यावेत की नाही तेच कळत नाही.

मुक्ता फिजिओ
सदाफुली, घ्या. फक्त १२ व्या वर्षी बॅग, पॅड, दोरी आणि पायांचं काम एवढंच असू दे. डोक्यावर ठोसे घेणारं स्पॅरिंग करून घेतात का ते क्लबमध्ये स्वतः जाऊन एकदा बघा. भाच्याचं वजन कळवा, मग औंस सांगते.