'उत्तेजनार्थ' की 'प्रोत्साहनपर'?

टिळकवाडीकर:
आमच्याकडील एका निबंध स्पर्धेच्या यंदाच्या पत्रकात पहिल्या तीन क्रमांकांनंतरच्या बक्षिसांना 'उत्तेजनार्थ' न म्हणता 'प्रोत्साहनपर' म्हटले आहे, कारण 'उत्तेजन' हा शब्द विद्यार्थ्यांसमोर बरा दिसत नाही, असे संयोजकांचे म्हणणे पडले. मला हे पटत नाही. हा शब्द 'तिज्' म्हणजे धार लावणे या धातूपासून आला असून 'तीक्ष्ण' आणि 'तेज' त्याच कुळातले आहेत. अंगी गुण असून धार थोडी कमी पडली, अशा मुलासाठी याहून नेमका शब्द कोणता? पुण्याच्या वेदशास्त्रोत्तेजक सभेला १८७५ साली हे नाव घेताना संकोच वाटला नव्हता.

निपाणीकर:
मुले धातुपाठ पाहून नव्हे, कानावर पडणाऱ्या वापरावरून अर्थ लावतात. क्रीडापानावर खेळाडू उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत सापडतो आणि बातमीत जमाव उत्तेजित होतो, हेच त्यांच्या कानी येते. 'प्रोत्साहन' या शब्दात मात्र 'उत्साह' उघड दिसतो.

टिळकवाडीकर:
गैरप्रकारांना 'प्रोत्साहन' मिळते, असेही आपण लिहितोच. तेव्हा तो शब्द तरी कुठे निर्मळ राहिला? शिवाय आता त्याला पैशाचा वास येतो. कर्नाटकात दूध उत्पादकांना सरकारकडून लिटरमागे मिळणाऱ्या रकमेला कन्नडमध्ये 'प्रोत्साहधन' म्हणतात आणि मराठीत 'प्रोत्साहन भत्ता' आहेच.

खानापूरची शिक्षिका:
मी दोन्ही भाषांतील मुलांना शिकवते, म्हणून एक भर घालते. कन्नडमध्ये 'उत्तेजन' आजही चांगल्या अर्थाने सर्रास वापरतात. त्यामुळे आपल्या सीमाभागातील मुलाला हा शब्द पुण्यामुंबईच्या मुलाइतका खटकण्याचे कारण नाही. कन्नड प्रमाणपत्रावर याच बक्षिसाला 'समाधानकर बहुमान' लिहितात. तिथे 'समाधान' म्हणजे सांत्वन, आणि 'बहुमान' म्हणजे साधे बक्षीस. ते वाचून माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "बाई, समाधान झाले असते तर चौथा आल्याचे वाईट का वाटले असते?" त्याला उत्तर देताना मला 'उत्तेजनार्थ' हाच शब्द उपयोगी पडला, कारण त्यात पुढच्या खेपेची सोय आहे.

निपाणीकर:
मुद्दा मान्य, पण तो वर्गापुरता. प्रमाणपत्र घेऊन मूल उद्या कोल्हापूर-पुण्याला शिकायला जाईल, तेव्हा तिथे शेजारी बाई नसतील.

टिळकवाडीकर:
कोल्हापूर-पुण्याच्या स्पर्धांतही बक्षीस 'उत्तेजनार्थ'च असते. संयोजकांना उद्या तेवढे कळवतो.