मदत हवी आहे : फुटक्या कौलांच्या भुकटीतून टेनिसच्या सरावासाठी मातीची पट्टी करता येईल का?

नमस्कार. मी डिचोलीजवळ राहते. माझी मुलगी १७ वर्षांची असून लहानपणापासून टेनिस खेळते. मात्र तिचा आजवरचा सगळा खेळ सिमेंटच्या कोर्टावर झालेला आहे. येत्या फेब्रुवारीत तुर्कस्तानातील अंताल्या येथे महिलांच्या व्यावसायिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत तिने उतरावे, असा आमचा विचार आहे. एकूण १५ हजार डॉलर बक्षिसाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सर्वांत खालच्या श्रेणीची ही स्पर्धा लाल मातीवर खेळली जाते. मातीवर एकदाही पाऊल न ठेवता तिला तिथे पाठवणे मला पटत नाही, म्हणून घरामागच्या मोकळ्या जागेत बेसलाईनपुरती, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेजवळची, एक पट्टी तयार करण्याचा खटाटोप मी चालवला आहे आणि तिथेच माझे अडले आहे.

लाल माती तर आपल्या दारातच आहे, मग अडचण कसली, असे मला आधी वाटले होते. मे महिन्यात चिऱ्यांच्या खाणीवरून जांभ्याची माती आणवली, ती पसरून पाणी मारले आणि अंगण चोपतात तशी चोपून घेतली. वाळल्यावर ती इतकी घट्ट बसली की बूट तिच्यावर घसरेचना. जूनच्या पहिल्या सरींनंतर उघडीप मिळाली तेव्हा मुलगी पुन्हा खेळायला उतरली. फोरहँडसाठी उजवीकडे धावत तिने पाय लांबवला, तो जागीच रुतला आणि गुडघा आत वळला. देवाच्या कृपेने दुखापत झाली नाही. संध्याकाळी तिच्या बुटांच्या तळव्यांचा लगदा मी विळ्याच्या टोकाने खरवडून काढत होते, तेव्हा ही माती या कामाची नव्हे, हे मला पुरते कळून चुकले.

त्यानंतर वाचले ते असे. पॅरिसच्या रोलाँ गॅरोवर, म्हणजे फ्रेंच ओपनच्या कोर्टांवर, जी लाल माती दिसते ती कच्ची माती नसून भाजलेल्या विटांची भुकटी असते, आणि तिचा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो. तिच्याखाली कुटलेल्या चुनखडीचा सहा-सात सेंटीमीटरचा थर ओल धरून ठेवतो आणि त्याखाली निचऱ्यासाठी खडी असते. भाजलेली माती भिजली तरी पुन्हा चिखल होत नाही, हे यातले खरे मर्म आहे. १८८० च्या सुमारास रेनशॉ बंधू या इंग्लिश टेनिसपटूंनी फ्रान्समधील कान येथे उन्हाने करपणारी हिरवळ झाकण्यासाठी वालोरिस गावच्या मातीच्या भांड्यांची भुकटी वापरली, असे या कोर्टांच्या जन्माबद्दल सांगितले जाते. ते वाचले आणि आमच्या डिचोलीचे कुंभार डोळ्यांसमोर आले. शिवाय पडवी शाकारताना उतरवलेल्या मंगळुरी कौलांचा ढीग आमच्या मागील दारी पडूनच आहे.

तेव्हा माझे विचारणे असे, की ही कौले कुटून केलेली भुकटी चालेल का, ती किती बारीक असावी, आणि चुनखडी आपल्याकडे सहज मिळत नसल्याने खाली काय घालावे? चतुर्थी आटोपून पाऊस ओसरला की काम सुरू करायचे आहे. मुलीने अमेरिकेतील चार्ल्सटनच्या महिला स्पर्धेचे सामने पाहिले असून तिथल्यासारखी हिरव्या मातीची पट्टी बरी का, असेही ती विचारते. मातीवर भारतीय मुलींचा निभाव लागत नाही, असे तिला कोणीतरी सांगितले आहे. सानिया मिर्झा २०१५ च्या एप्रिलमध्ये मार्टिना हिंगिससह त्याच चार्ल्सटनच्या मातीवर जिंकली आणि दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचणारी पहिली भारतीय महिला ठरली, हे मी तिला आवर्जून सांगितले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

ताई, कौलांची भुकटी जरूर चालेल, कारण ती वीट आहे तशीच भाजलेली माती आहे. मात्र ती बारीक चाळणीतून दोनदा चाळून घ्या; एखादी धारदार खपली राहिली तर पडल्यावर हातपाय सोलून निघतात. कुटताना आणि चाळताना नाकातोंडावर मास्क हवाच, कारण ती धूळ फुप्फुसांना घातक असते. खाली क्रशरवरची दगडाची बारीक चुरी घालून, पाणी मारून, रोलर फिरवा आणि एका बाजूला किंचित उतार ठेवा. जांभ्याच्या मातीवर भुकटी थेट टाकू नका. पहिल्याच पावसात दोन्ही एक होतील. खेळण्याआधी हलके पाणी शिंपडावे आणि खेळून झाल्यावर जाळे ओढून भुकटी सारखी करावी.

हिरव्या पट्टीचा विचार सोडा. ती बेसॉल्टच्या जातीच्या खडकाची भुकटी असते आणि तिच्यावर चेंडू लाल मातीपेक्षा वेगाने निघतो, त्यामुळे अंताल्याची तयारी तिथे व्हायची नाही.

आता पट्टीपेक्षाही महत्त्वाचे सांगतो. सिमेंटवर शिकलेली मुले आधी फटका मारतात आणि मग घसरतात. मातीवर घसरत घसरत चेंडूपाशी पोहोचायचे असते, म्हणजे घसरणे संपते तिथेच फटका बसतो आणि लगेच मागे फिरता येते. पहिला आठवडा रॅकेट न घेता केवळ हेच करून घ्या, आणि तळव्याला माशाच्या काट्यासारखी नक्षी असलेले, मातीवर खेळायचे बूट घ्या. दुसरे असे, की मातीवर चेंडूचा ठसा उमटतो. ठसा तपासण्याची मागणी करायची असेल तर तिथल्या तिथे खेळ थांबवावा लागतो. फटका परतवून खेळत राहिले तर तो हक्क जातो. सामन्याला खुर्चीवर पंच असतील तर ठसा पाहायला जाळ्यापलीकडे मात्र जायचे नसते, ते काम पंचांचे.

धागाकर्ती :

मनापासून आभार. खेळ थांबवण्याचा नियम तिला ठाऊकच नव्हता. कौलांचा ढीग आज ताडपत्रीखाली हलवला आहे. आमची जागा ११ मीटर रुंद आणि ६ मीटर खोल आहे. तेवढ्यासाठी दगडाची चुरी किती मागवावी, एवढे कृपया कळवावे.