मदत हवी आहे – यूके चाइल्ड बेनिफिट, मोठी मुलगी त्यातून बाद झाल्यावर धाकट्यांचा दर बदलतो का?

नमस्कार मंडळी, आम्ही लेस्टरला राहतो. तीन मुलं आहेत, 18, 13 आणि 9. मोठीचं ए-लेव्हल जूनमध्ये संपलं, सप्टेंबरपासून युनिव्हर्सिटी, म्हणजे तिचा चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठी मिळणारा सरकारी भत्ता) 31 ऑगस्टनंतर बंद, हे माहितीये. घोळ पुढे आहे. मोठीचा क्लेम माझ्या नावावर आहे आणि धाकट्या दोघांचा ह्यांच्या नावावर (तेव्हा फॉर्म ह्यांनी भरला, कुणी लक्षच दिलं नाही, असो). 2025-26 च्या दराने घरातल्या सगळ्यात मोठ्या मुलाला आठवड्याला 26.05 पौंड आणि बाकीच्यांना प्रत्येकी 17.25, त्यामुळे मला 26.05 येतात आणि ह्यांना 34.50. आता मधला घरात "मोठा" ठरणार, म्हणजे ह्यांचे 43.30 व्हायला पाहिजेत ना?

माझ्या ऑनलाइन अकाउंटवरून मोठीचं शिक्षण संपल्याचं कळवून झालंय. ह्यांच्या अकाउंटवर मात्र काहीच हललेलं नाही, तिथे आकडा तोच. मैत्रिणीकडे आपोआप बदललं, पण तिची तिन्ही मुलं एकाच क्लेमवर होती.

आधीच सांगते, दोघांचाही पगार 60,000 च्या खाली आहे त्यामुळे टॅक्स चार्जचा (जास्त पगार असला की हा भत्ता टॅक्समधून परत घेतात, त्याचा) प्रश्न नाही, आणि युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी मदत) घेत नाही.

असे दोन नावांवर वेगवेगळे क्लेम असलेलं कुणी आहे का इथे? वरचा दर दुसऱ्या क्लेमवर आपोआप गेला की ह्यांनी वेगळं कळवायला लागेल, आणि कळवायचं तर नेमकं कुठल्या ऑप्शनमधून?