गल्लीत मजला चढवू देत नाहीत, शिवारात बांधू नये म्हणतात. मग राहायचं कुठं?

खासबागचा थोरला

नमस्कार मंडळी. विषय आमच्या घरातला आहे, खरं बेळगावच्या निम्म्या गल्ल्यांना लागू पडेल म्हणून इथं टाकतोय.

घर खासबागेत. दर्शनी रुंदी तेरा फूट, आत लांबी मात्र साठाच्या पुढं. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. पुढं कट्टा, मग मागाची खोली, मधे माजघर, मागं स्वयंपाकघर आणि न्हाणी. वर मंगलोरी कौलं, माजघराला उजेड यावा म्हणून त्यातली दोन काचेची. वडिलांच्या वेळी दोन यंत्रमाग चालायचे, आता एकच. आई, आम्ही दोघं भाऊ, माझं बायको-पोरांचं कुटुंब, आणि आता धाकट्याचं लग्न ठरलंय. खोल्या पुरेनात. कौलं उतरवून खाली माग आणि वर दोन मजले राहायला, असं आरसीसी घर बांधायचा बेत केला.

इंजिनिअरला बोलावलं. त्यानं टेप लावली आणि पेन्सिल कानावर ठेवून दिली. नवीन बांधकाम म्हटलं की पुढं, मागं, बाजूला मोकळी जागा सोडायची. समजा दोन्ही बाजूंना मीटर-मीटर सोडलं, तर तेरा फुटांतले साडेसहा तिथंच गेले. उरलेल्या साडेसहा फुटांत जिना बसवू की आईची खाट? आणि सामाईक भिंतीपासून आम्ही आत सरकलो तर शेजाऱ्यांची मातीची भिंत उघडी पडणार. मिरगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की ती बसलीच म्हणून समजा. त्यात एफएआर, म्हणजे जागेच्या किती पट बांधायचं तो आकडा, रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. आमच्या गल्लीत रिक्षा आली की सायकलवाल्यानं कुणाच्या तरी कट्ट्यावर पाय टेकायचा, हा आमचा रस्ता.

मग एक एजंट भेटला. म्हणाला, "नकाशात एक मजला दाखवा, वर दोन चढवा, सगळे हेच करतात." आणि साडूभाऊ म्हणतात, "कशाला त्या बोळात पैसे घालताय? येळ्ळूर रोडच्या आत गुंठ्याचा प्लॉट आहे, बाँडवर (नुसत्या स्टँप पेपरवर, नोंदणीशिवाय) करून देतो, उद्या खाताही (घरपट्टीच्या वहीत नोंद) होतंय." गेलो, बघून आलो. भाताच्या वाफ्यात मुरूम ओतून रस्ता केलाय, चुन्यानं रेघा मारल्यात, एका विजेच्या खांबावर मोबाइल नंबर. नळ नाही, ड्रेनेज नाही. शेजारच्या वाफ्यात अजून भाताची खुंटं उभी.

म्हणजे बघा, जिथं नळ आहे, गटार आहे, शाळा आहे, बाजार चालत जाण्याजोगा आहे, तिथं नियमात राहून घर वाढत नाही. जिथं ह्यातलं काहीच नाही, आणि बळ्ळारी नाला फुगला की दरवर्षी भात पाण्याखाली जातंय, तिथं हव्या त्या आकाराचं घर उठतंय. मला वाटतं जुन्या गल्ल्यांना नियमच वेगळे पाहिजेत: सामाईक भिंत तशीच ठेवून दोन मजले चढवायला मोकळीक. कुणी सरळ मार्गानं हे केलंय का? आणि गल्लीत मजले वाढायला तुमचा विरोध असेल तर तोही सांगा, रागावणार नाही.

ओव्हरसियर काका, टिळकवाडी

थोरले, आधी त्या एजंटाचा नाद सोडा. 17 डिसेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की पूर्णत्वाचा दाखला बघितल्याशिवाय वीज-पाणी जोडू नये, बँकांनीही तो बघूनच कर्ज द्यावं. वरच्या मजल्याला वीज कंपनीचं, हेस्कॉमचं नवं मीटर मागायला गेलात की पहिला कागद हाच मागतील. "पुढं दंड भरून नियमित होतंय" म्हणून जे सांगतात ते राज्याच्या अक्रम-सक्रम योजनेच्या भरवशावर. 2014 साली ते नियम आले, राहत्या घराला निम्म्यापर्यंतचं उल्लंघन दंडावर माफ होणार होतं, जानेवारी 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली. त्या आशेवर ज्यांनी मजले चढवले त्यांचे कागद आजही कपाटातच आहेत.

बाँडचंही तसंच. शेतजमीन असेल तर 1964 च्या महसूल कायद्याच्या 95 कलमाखाली आधी बिनशेती, मग लेआउट मंजुरी, मग प्लॉटची नोंदणी. ही साखळी नाही म्हणूनच तो बाँडवर विकतोय. नोंदणी होत असती तर त्यानंच तुम्हाला रजिस्ट्रारकडं ओढत नेलं असतं. 2025 पासून मंजुरी नसलेल्या घरा-प्लॉटांना बी खाता द्यायची मोहीम निघाली, त्याचा दाखला हे लोक देतात. बी खाता म्हणजे तुमच्याकडून घरपट्टी घेतली एवढंच. घर कायदेशीर झालं असं तो कागद कुठंही म्हणत नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा. बांधकाम परवाना महापालिका देते, खरं कुठल्या भागात काय आणि किती बांधायचं हे ठरतं बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) मास्टर प्लॅनमध्ये आणि त्याला जोडलेल्या नियमावलीत. 1961 च्या नगर नियोजन कायद्याप्रमाणं तो दहा वर्षांनी सुधारायचा असतो, आणि मसुदा जाहीर झाला की हरकतींसाठी 60 दिवस मिळतात. गावठाणाला वेगळी नियमावली मागायची ती तिथं. परवान्याच्या टेबलावर भांडून उपयोग नाही, त्या माणसाच्या हातात ते नाहीच.

माझा विरोध मात्र एका गोष्टीला आहे. गल्लीत आगीचा बंब शिरत नाही. वर तीन कुटुंबं, खाली सुताचे गठ्ठे आणि यंत्रमागाचं वायरिंग, एकच जिना. त्याचं काय करणार ते आधी सांगा.

शिवारातला

ओव्हरसियर काका बरोबर बोलले. खरं आमची बाजू कुणी मांडंना म्हणून लिव्हतोय.

शेत शहापूर शिवारात हाय. आमच्या वरच्या अंगाला दोन वर्षांमागं असेच गुंठे पाडले. एकरात चाळीस गुंठे, रस्ता सोडून तीस-बत्तीस तरी प्लॉट निघतात. प्लॉट घेणारा काय करतंय, आधी तीन-चार फूट भर घालतंय, म्हणजे त्याच्या घरात पाणी शिरू नये. बरोबर हाय त्याचं. खरं ते पाणी जाणार कुठं? आधी वाफ्यातून वाफ्यात उतरत, पाटानं नाल्याला जायचं. पाट त्यांनी बुजवला आणि त्यावर कंपाउंड बांधलं. आता पाणी आमच्या बासमतीत उभं ऱ्हातंय. रोप लावल्यावर चार दिवस बुडून ऱ्हायलं की कुजतंय, परत तरवा कुठनं आणायचा? वरनं त्यांच्या सेप्टिक टाक्या भरल्या की पाईप आमच्या बांधाकडं.

विकणाऱ्याला मी शिव्या देत न्हाई. हलगा-मच्छे बायपासला पिकाऊ जमीन जाते म्हणून शेतकरी कोर्टात गेलेत, रस्त्यात झोपलेत. तवा शहरातली किती माणसं आली होती? भात करून पोराला शिकवणं किती जड हाय ते ज्याचं त्याला ठाऊक. खरं थोरले, तुम्ही तिथं प्लॉट घेऊ नका. एवढं ऐका.

भाग्यनगरकर

मी विरोधात आहे आणि कारण सांगते. आमच्या शेजारी एक बंगला होता, पुढं नारळ, मागं विहीर. तो पाडून अपार्टमेंट झालं. नकाशात खाली पार्किंग. आज तिथं गोडाऊन आहे आणि गाड्या आमच्या फाटकासमोर. त्यांनी बोअर मारली, दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीनं तळ दाखवला. राकसकोप आणि हिडकलचं पाणी आहे तेवढंच येणार. एका नळावर एक घर होतं तिथं आठ घरं झाली की काय होतं ते घागरी मोजणाऱ्या बाईला विचारा, टेबलावर बसणाऱ्याला नको.

तेव्हा "वर बांधू द्या" म्हणताना आधी पाइपलाइन कुठल्या काळातली आहे ते बघा. आमच्या भागात तरी आहे त्यापेक्षा दाटी नको.

खासबागचा थोरला

वैनी, पार्किंगचं गोडाऊन झालं ह्यात चूक मजल्यांची नाही, तपासणी न झाल्याची आहे. पाण्याचं पटतंय. खरं एक विचारतो, राग मानू नका. तुमच्याकडं रस्ते रुंद, गटार झाकलेलं, बंब फाटकापर्यंत येतोय. तुम्ही "आमच्याकडं दाटी नको" म्हणायचं, आम्हाला नियम "तुमच्याकडं जागा नाही" म्हणणार, मग माझ्या धाकट्या भावानं जायचं ते सरळ शिवारातल्या मामांच्या भातात. शहरात माणसं वाढतातच, ती कुठंतरी राहणारच. रुंद रस्त्याच्या कडेला चार मजले, गल्लीत दोन-तीन आणि नाल्याकाठी काहीच नाही, असं ठरलं तर कुणाचं बिघडतंय?

भाग्यनगरकर

मेन रोडला चार मजले चालतील, आतल्या क्रॉस रस्त्याला नको. आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरवल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, हे पण लिहा.

गल्लीतला पोरगा

साठ दिवस म्हणताय काका, खरं नोटीस पेपरात कोपऱ्यात येते, तीही कन्नडमधली सरकारी भाषा. आमच्या आजोबांच्या घराशेजारची मोकळी जागा कमर्शियल करायची नोटीस आली होती, ते पान आजोबांनी चष्मा पुसण्याआधी भजी गुंडाळायला गेलं. मला कन्नड वाचता येतं, शाळेत होतं. सर्व्हे नंबर आणि वापर एवढे दोन शब्द ओळखता आले तरी निम्मं काम होतं. जमीन वापर बदलाच्या नोटिसा आल्या की मी मराठीत करून इथं टाकत जाईन. कुणी पेपराचा फोटो पाठवला तर बरं होईल, आमच्याकडं एकच पेपर येतो.

ओव्हरसियर काका, टिळकवाडी

शाब्बास. त्या नोटिशीला मुदत फार थोडी असते, म्हणून फोटो त्याच दिवशी पाठवा.

थोरले, अजून एक. गल्ली रुंद करायला कुणी पुढची चार-पाच फूट जागा सोडली तर त्याच नगर नियोजन कायद्याच्या 14 ब कलमात विकास हक्क मिळण्याची सोय आहे. समोरासमोरची घरं एकदम तयार झाली तरच ह्याला अर्थ. एकट्यानं कट्टा पाडून काय मिळणार, दुसऱ्याच्या मोटारसायकलला जागा.

खासबागचा थोरला

काका, बंबाच्या प्रश्नाला उत्तर शोधलंय, पुरेसं आहे का बघा. घराला मागं बोळ आहे, आज तो बादल्या आणि मोडक्या मागाच्या फण्यांनी भरलाय. तिकडून लोखंडी जिना काढायचा, आणि सूत ठेवायची खोली पुढं, रस्त्याच्या तोंडाशी घ्यायची. वर राहणाऱ्यांना दोन वाटा होतात. शेजारच्या दोन्ही घरांशी बोललो. एक तयार आहेत, बोळ रिकामा करतो म्हणाले. दुसऱ्यांची भावकीची केस चालू आहे, ते सही करत नाहीत. मागाचं मात्र मलाच कळेना. माग चालू झाला की खालची भिंत दणाणते, वर स्लॅब टाकल्यावर पाळण्यातलं पोर झोपेल का? ज्यांनी वडगावात मागावर मजला घेतलाय त्यांनी खरं काय ते सांगा.

प्लॉटचं साडूभाऊंना नाही म्हणून कळवलं. ते फुगलेत, फुगू देत.

हरकतीचा कच्चा मजकूर असा लिहिलाय:

"गावठाणातील सामाईक भिंतीच्या घरांना बाजूची मोकळी जागा सोडण्यातून सूट मिळावी, त्याबदली मागील बाजूस दुसरा जिना सक्तीचा करावा. रुंद रस्त्यालगत जास्त मजले देताना पाणी मुरवण्याची सोय आणि पार्किंग प्रत्यक्ष जागेवर तपासूनच दाखला द्यावा. बळ्ळारी नाल्याकाठचे शिवार शेतीसाठीच राखून ठेवावे आणि त्यातील पाट नकाशात दाखवावेत."

शेवटचा मुद्दा शिवारातल्या मामांचा. मामा, ज्या पाटांवर भर पडलीय त्यांचे सर्व्हे नंबर लिहून पाठवा, नुसतं "शिवार" म्हटलं तर कुणी विचारणार नाही. आणि पोरा, हा मजकूर कन्नडमध्ये तूच करून दे, चहा-भजी माझ्याकडून.