व्हिक्टोरिया सरोवर (युगांडा): वडिलांना शूबिल दाखवायचा आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,
जानेवारीत नवऱ्याच्या कामानिमित्त कंपालाला जाणं होतंय. सोबत मी आणि बाबा. बाबांचं वय ६८, पक्षीवेड भिगवणपासूनचं. त्यांची अट एकच: मबांबाच्या पाणथळीतला शूबिल. सुमारे चार फूट उंच, चोच म्हणजे अक्षरशः लाकडी खडाव! पपायरसच्या गवतात हा गडी पुतळ्यासारखा उभा राहतो आणि लंगफिश वर आला की झडप घालतो. फोटो बघूनच बाबा वेडे झालेत.

अडचण गुडघ्यांची. मबांबात छोट्या होडीतून जावं लागतं म्हणे. ज्येष्ठांना कितपत जमतं? आणि न्गांबा बेटावरचं अनाथ चिंपांझींचं अभयारण्य त्याच दिवशी उरकता येईल का? टांझानियाकडच्या रुबोंडो बेटाचाही मोह होता, पण पूर्व आफ्रिका पर्यटन व्हिसा युगांडा, केनिया आणि रवांडा एवढ्यांनाच चालतो, म्हणून तो बेत सोडला.

सगळ्यात मोठी काळजी यलो फीव्हरच्या लशीची. साठीनंतर ती देतात का?

प्रतिसाद
ताई, लशीपासून सुरुवात करा. साठीनंतर पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो, म्हणून बाबांची औषधं, जुने आजार सगळं अधिकृत केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा. निर्णय त्यांचा. घ्यायची ठरलीच तर प्रवासाच्या किमान १० दिवस आधी. कार्ड युगांडात शिरताना लागतं आणि परतताना भारतातही.

मबांबाची होडी लाकडी, अरुंद, बसायला आडव्या फळ्या, पाठीला टेकू नाही. तिघांतच एक होडी घ्या आणि पाय लांब करायचेत हे नावाड्याला आधीच सांगून ठेवा. निघायचं अगदी सकाळी. शूबिल नाही दिसला तरी कवड्या खंड्या आणि फिश ईगल हमखास.

न्गांबा त्याच दिवशी नकोच. कंपालाजवळच्या एन्टेबेहून २३ किमी उघड्या पाण्यातून जायचं, दुपारी वारा सुटला की लाटा उठतात. चिंपांझींना खाऊ घालतात ते उंच कट्ट्यावरून दिसतं, त्यामुळे तिथे फार चालणं नाही.

सरोवरात कुणी पाय बुडवू नका, गोगलगायींमुळे बिलहार्झिया हा जंतांचा आजार होतो.

आणि नावाड्याला बोलतं करा. शूबिल दिसला की त्या दिवशी मासे मिळत नाहीत, असं तिथले कोळी मानायचे आणि त्याला मारायचे. आता त्यांच्यातलेच कितीतरी जण तो दाखवायचे पैसे घेतात.