सिंहगडाला ५२/३६ जड पडतंय. कॅसेट बदलू की चेनरिंग? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

वय ४६, वजन ७८ किलो, मुक्काम वारजे. बरीच वर्षं हायब्रिड चालवली, आणि दिवाळीत सेकंडहँड रोड बाईक घेतली. सायकल झकास आहे, भावही बरा पडला. पण आधीचा मालक रेस मारणारा गडी असल्यामुळे पुढे ५२/३६ (पेडलजवळच्या दोन चकत्यांचे, म्हणजे चेनरिंगांचे दात) आणि मागे ११-२८ (मागच्या चकत्यांच्या संचातल्या, म्हणजे कॅसेटमधल्या सगळ्यात लहान आणि मोठ्या चकतीचे दात) अशी मांडणी आहे. क्रँक (पेडलचा दांडा), एफडी आणि आरडी (चेन पुढच्या आणि मागच्या चकत्यांवर सरकवणारे डिरेलर) सगळं शिमानो १०५ आर७०००, ११ स्पीड. आरडी शॉर्ट केज (आखूड पिंजऱ्याची) आहे, मागच्या बाजूला एसएस लिहिलंय.

सपाटीला काही म्हणजे काही तक्रार नाही. कात्रजचा जुना घाटही आरामात निघतो. बोपदेव दातओठ खाऊन निघतो. सिंहगडाला मात्र माझी पार दमछाक होते. गोळेवाडीचा नाका सोडल्यावर थोड्याच वेळात मी शेवटच्या गिअरवर येतो आणि उजव्या हाताची बोटं उगाच लिव्हर ढकलत बसतात, आणखी एखादा गिअर सापडतोय का म्हणून. वरच्या तीव्र वळणांवर तर पेडल वरच्या टोकाला येऊन क्षणभर थांबतंच. मग पुढचं चाक डावी-उजवीकडे जायला लागतं, आणि नेमका तेव्हाच मागून कोणीतरी हॉर्न मारतो. घरी आल्यावर दोन दिवस डावा गुडघा बोलतो.

या हिवाळ्यात २०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची २०० किमीची राइड) करायची आहे, वाटेत पसरणी घाट आहे. साडेतेरा तासांत संपवायची, नंबर वगैरे काढायचा नाही.

सल्ले भरपूर मिळालेत. दुकानदार म्हणतो ११-३२ टाका, बसतं. एक मित्र म्हणतो क्रँकच काढ आणि जीआरएक्सचं (शिमानोचा खडबडीत रस्त्यांसाठीचा संच) ४६/३० लाव. आमच्या ग्रुपमधले ज्येष्ठ म्हणतात गिअर नको, पाय बनव. पाच आकडी खर्च शक्यतो टाळायचाय. नक्की काय करू?

एक आकडा हाताशी आहे. मित्राच्या स्मार्ट ट्रेनरवर बसून पाहिलं, तासभर साधारण १८० वॅट निघतात.

प्रतिसाद, सोलापूर रोडवाला

तुमच्या ज्येष्ठांशी सहमत. आम्ही ३९/२५ वर सिंहगड केलाय. दर रविवारी जात राहा, तीन महिन्यांत हाच गिअर हलका वाटेल. पैसे वाचवून वर पिठलं-भाकरी खा.

प्रतिसाद, नाशिककर

दादा, तुम्ही ३९/२५ वर केलात तेव्हा वय आणि वजन काय होतं तेही लिहा की! ५३/३९ च्या जमान्यात दुसरा पर्यायच कमी होता म्हणून लोक तसे चढायचे. आज शिमानोच्या सगळ्यात वरच्या ड्युरा-एसला सुद्धा ११-३४ ची कॅसेट येते, आणि ती काही नवशिक्यांसाठी काढलेली नाही.

धागाकर्ते, गुडघा दुखतोय तर सीटची उंचीही तपासून घ्या. सीट खाली असेल तर नुसता गिअर बदलून भागणार नाही.

प्रतिसाद, वाईची सायकलवाली

दादा, वॅटचा आकडा दिलात हे बरं केलंत. आता अंदाजपंचे बोलायची गरज नाही.

तुम्ही, सायकल, दोन बाटल्या आणि पंक्चरचं सामान मिळून ९० किलो धरू. १८० वॅटवर एवढं वजन पाच टक्के चढावर ताशी १२ किमीच्या आसपास जाईल, सात टक्क्यांवर साडेनऊच्या जवळ आणि दहा टक्क्यांवर जेमतेम पावणेसात. हा वेग तुमचे पाय आणि वजन ठरवतात, गिअरचा त्याच्याशी संबंध नाही. त्या वेगाला पाय मिनिटाला किती वेळा फिरतील (म्हणजे केडन्स), एवढंच गिअर ठरवतो.

आता तुमचा सगळ्यात हलका गिअर ३६/२८, म्हणजे १.२९. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला तर पेडलच्या एका फेरीत सायकल २.७ मीटर जाते. पाच टक्क्यांवर केडन्स येतो ७५ च्या आसपास, म्हणजे मस्त. सात टक्क्यांवर ५८, चालवून घेण्यासारखा. दहा टक्क्यांवर ४२! पेडल वरच्या टोकाला थांबतं म्हणताय ना, ते हेच. ४२ वर बसून पेडल मारताना प्रत्येक फेरीत गुडघ्यावर जो जोर येतो, तो रविवारमागून रविवार घेत राहिलात तर पाय बनण्याआधी फिजिओची ओळख होईल.

म्हणून घाटाची सरासरी बघून गिअर ठरवू नका. आमच्या पसरणीत वाई ते पाचगणी बारा किमीमध्ये साधारण सहाशे मीटर चढ आहे. सिंहगडालाही चढ जवळपास तेवढाच, पण नऊ किमीत. शिवाय सिंहगडाचा चढ एकसारखा नाही, मध्ये दम खायला जागा देतो आणि त्याची वसुली पुढच्या वळणावर करतो. पसरणी तुमच्या आहे त्या गिअरवरही निघेल. बीआरएमची भीती नको. गिअर घ्यायचा तो सिंहगडाच्या सगळ्यात वाईट पाचशे मीटरसाठी.

तोच दहा टक्क्यांचा तुकडा, तेच १८० वॅट. ३४/३० वर केडन्स ४७-४८ येईल, ३४/३२ वर ५१, ३४/३४ वर ५४. पन्नाशीच्या आत-बाहेर असलेले हे आकडे कागदावर किरकोळ दिसतात, पायाला मात्र जमीन-अस्मानाचा फरक कळतो. सात टक्क्यांवर ३४/३४ ने तुम्ही ७५ ला पोचता, म्हणजे बहुतेक सगळा गड बसून.

धागाकर्ता

ताई, एवढं सविस्तर कोणी सांगितलंच नव्हतं. शतशः धन्यवाद! म्हणजे ३४/३४ हवं हे कळलं. पण माझ्या आरडीवर ३४ बसेल का? दुकानदार तर ३२ पर्यंतच म्हणत होता.

प्रतिसाद, नाशिककर

आर७००० च्या एसएस आरडीची अधिकृत मर्यादा ३० दातांची आहे. ३४ साठी जीएस, म्हणजे याहून लांब पिंजऱ्याची आरडी लागते. ३२ बऱ्याच जणांनी बी-स्क्रू (आरडी कॅसेटपासून दूर ठेवणारा स्क्रू) आवळून एसएसवर चालवलंय, पण त्यात एक गोम आहे. एसएस एकूण ३५ दातांचा फरक सांभाळते. पुढचा फरक १६ आणि ११-३२ चा २१, बेरीज ३७. मग छोटी-छोटी (पुढे आणि मागे दोन्हीकडे छोटी) चकती पडली की चेन लोंबते. चेन आखूड करून ते लपवलंत आणि घाटात दमलेल्या अवस्थेत चुकून मोठी-मोठी टाकलीत, तर आरडी आणि हँगर (आरडी फ्रेमला जोडणारा तुकडा) दोन्ही जातील. दुकानदार ‘बसतं’ म्हणतो ते खरंच आहे, बसतं. जबाबदारी तुमची.

आता ११-३० चं गणित बघा: १६ अधिक १९, बरोब्बर ३५. म्हणजे आरडीला हात न लावता ११-३० पर्यंत बिनधास्त जाता येतं.

आणि पुढे क्रँक बदलायची गरजच नाही. आर७००० च्या क्रँकला ५३/३९, ५२/३६ आणि ५०/३४ या तिन्ही जोड्या त्याच चार बोल्टवर बसतात. नुसत्या चेनरिंगा आणा. जीआरएक्स ४६/३० चांगलंच आहे, पण त्याची चेनलाइन (चेन फ्रेमच्या मध्यापासून किती बाहेर धावते ते अंतर) रोडपेक्षा अडीच मिलिमीटर बाहेर असते, मग एफडीही जीआरएक्सची घ्यावी लागते. खर्चाची शेपूट वाढत जाते. सामान लादून लडाखला निघाला असतात तर तेच घ्या म्हटलं असतं.

धागाकर्ता

मग फक्त आतली ३४ घातली आणि बाहेरची ५२ तशीच ठेवली तर? निम्म्या पैशात काम होईल.

प्रतिसाद, नाशिककर

नको. फरक १८ होतो, एफडी १६ साठी बनवलेली आहे. मोठीवरून छोटीवर येताना चेन आत पडायला लागेल, आणि ती नेमकी चढ सुरू होतानाच पडते. हाताला काळं लावून घ्यायची हौस असेल तर करा. ५०/३४ ची जोडी एकत्रच घ्या.

प्रतिसाद, सोलापूर रोडवाला

आणि मग हायवेला ५० वर पाय हवेत फिरतील त्याचं काय? सातारा रोडला ग्रुप सुटला की हे मागे.

प्रतिसाद, वाईची सायकलवाली

काका, ५२/११ ला ९० केडन्सवर ताशी साडेत्रेपन्न किमी, ५०/११ ला साडेएक्कावन्न. खंबाटकी उतरताना सोडलं तर हे दादा पन्नासच्या वर पेडल मारणार आहेत का? उतारावर तर मी मारूच नका म्हणेन.

खरा तोटा दुसरा आहे. ११-३४ च्या कॅसेटमध्ये चकत्या ११-१३-१५-१७ अशा दोन-दोनने चढतात. तुमच्या ११-२८ मध्ये ११ ते १५ एकेक दाताने आहेत. समोरून वारा असताना सपाटीला कधी कधी हवा तो गिअर दोन चकत्यांच्या मध्ये हरवतो. मला ते सवयीने खटकेनासं झालं, माझ्या नवऱ्याला अजून खटकतं. ११-३० मध्ये लहान चकत्या तुमच्या सध्याच्या कॅसेटसारख्याच आहेत, थेट १५-१७-१९-२१ पर्यंत. बदल होतो तो फक्त वरच्या तीन चकत्यांत, २४-२७-३०.

म्हणून माझं मत असं, की आधी ५०/३४ आणि ११-३० करा. यात चेनही तीच चालेल, कारण मोठी-मोठीची बेरीज आधी ५२ आणि २८ होती, आता ५० आणि ३०, दोन्ही ऐंशीच. अर्थात चेन झिजलेली नसेल तर. जुनी चेन नव्या कॅसेटवर दात खाते, गेज (चेनची झीज मोजायची पट्टी) लावून बघा. हिवाळाभर चालवा. तरीही वरच्या वळणांवर गुडघा बोललाच, तर जीएस आरडी आणि ११-३४ घ्या. तेव्हा चेन दोन कड्यांनी लांब लागेल, जुनी पुरणार नाही. आणि शिमानोची ११ स्पीड ११-३४ रोडच्या फ्रीहबवर (मागच्या चाकाचा कॅसेट बसण्याचा भाग) चढवताना आत १.८५ मिमीचा स्पेसर घालावा लागतो. कॅसेटबरोबर येतो तो. मेकॅनिकने घातला का ते समोर उभं राहून बघा, नाहीतर लॉकरिंग (कॅसेट आवळणारी रिंग) आवळूनही कॅसेट डुगडुगत राहते.

प्रतिसाद, डोणजेकर

एक फुकटचा गिअर मीही देतो. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे डाव्या वळणाला आपण आतल्या कडेला असतो आणि चढ तिथेच सगळ्यात तीव्र असतो. उजव्या वळणाला आपोआप बाहेरून जातो, तिथे श्वास घेता येतो. तेव्हा डावं वळण दिसलं की दहा-पंधरा मीटर आधीच हलक्या गिअरला या. वळणात शिरून जोर लावता लावता गिअर टाकलात तर चेन कडकडते आणि वेग मरतो. मागे-पुढे गाडी नसेल तरच थोडं मध्याकडे सरका. शनिवार-रविवारी नऊनंतर तो विचारच नको, वरून येणाऱ्या गाड्या वळण कापून येतात. उजाडायच्या आत या.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. ५०/३४ आणि ११-३० ठरलं. ज्येष्ठांना सांगितलं, ते म्हणाले, ‘ठीक आहे, पण रविवारी यायचं चुकवू नकोस.’ चेनरिंगा स्वतःच बदलेन म्हणतो, हेक्स की आणि टॉर्क्सचा सेट आहे. आणखी काही सांभाळायचं?

प्रतिसाद, नाशिककर

मोठी चेनरिंग दोन दातांनी लहान झाली की तिची कड चार मिलिमीटर खाली जाते. एफडी तेवढीच खाली घ्या. पिंजऱ्याची बाहेरची पट्टी आणि दातांची टोकं यांत एक ते तीन मिमी अंतर हवं. सरकवण्याआधी एफडीच्या जागेवर फ्रेमवर पेन्सिलने खूण करा, म्हणजे कोन बिघडला तर कुठून निघालो ते कळेल. मोठ्या चेनरिंगवर बाहेर आलेली छोटी खुंटी असते, ती क्रँकच्या दांड्यामागे यायला हवी. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळा. कॅसेट काढायला मात्र चेन व्हिप (कॅसेट धरून ठेवणारं हत्यार) आणि लॉकरिंग टूल लागेल. नसेल तर ते काम दुकानातच द्या.